फोनला घरात हक्काची जागा: वाय-फायवर कायमचा आयपी ॲड्रेस कसा द्यायचा

आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आम्ही तिला विचारून तिच्या खोलीतल्या कपाटावर बाबांचा जुना फोन उभा करून ठेवला. फोनचा कॅमेरा घरच्या वाय-फायवरून दाखवणारं एक ॲप त्यात टाकलं. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला एक टॅब असतो. त्याच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.७:८०८० टाकलं की आजीचा पलंग दिसायचा. यातला १९२.१६८.१.७ हा त्या फोनचा घरच्या वाय-फायवरचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस. आजी एकटीने उठायला गेली तर आई लाटणं खाली ठेवून धावत जायची. आठवडाभर हे छान चाललं. मग एका रात्री जोराच्या पावसात वीज गेली ती पहाटे आली, आणि सकाळी टॅबवर कोरं पान. मी ऑफिसला पोचते न पोचते तोच आईचा फोन, "अगं, आजी दिसत नाहीये."

आजी पलंगावरच होती. कॅमेराही चालू होता, वाय-फायही. फक्त बाबांच्या जुन्या फोनचा पत्ता आता १९२.१६८.१.४ झाला होता, आणि सात नंबरवर माझ्या भावाचा लॅपटॉप येऊन बसला होता. टॅब बिचारा लॅपटॉपच्या दारावर टकटक करत होता.

असं का होतं आणि त्यावर पक्का उपाय काय, ते मला नीट समजायला बराच वेळ लागला. इंटरनेटवर जे सांगतात त्यातलं पुष्कळसं जुनं झालंय. गेल्या काही वर्षांत फोनच बदललेत, आणि जुनी कृती जशीच्या तशी केली तर ती चार दिवस चालते आणि मग बंद पडते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची सोसायटी मुलुंडची. पार्किंगच्या जागा कमी, गाड्या जास्त. पाहुण्याची गाडी गेटवर आली की वॉचमन वहीत गाडीचा नंबर लिहितो आणि सांगतो, "सातवर लावा." ती गाडी गेली की सात नंबर दुसऱ्या कुणाला. घरातला राउटर, म्हणजे वाय-फायचा डबा, हेच काम करतो. फोन वाय-फायला जोडला गेला की आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "इथे पत्ते देणारं कोणी आहे का?" राउटर म्हणतो, "मी आहे. तुला १९२.१६८.१.७ चालेल?" फोन म्हणतो, "चालेल, तोच द्या." राउटर सांगतो, "दिला, चोवीस तासांसाठी." या चार वाक्यांच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ साली आली, आणि आज आपल्या घरात चालते ती नियमावली मुख्यतः मार्च १९९७ची आहे.

त्यातले "चोवीस तासांसाठी" हे शब्द महत्त्वाचे. पत्ता मालकीचा मिळत नाही, भाड्याने मिळतो. त्या मुदतीला लीज म्हणतात. ती किती असावी हे राउटरवर ठरतं, घरगुती राउटरवर बरेचदा एक दिवस असते. अर्धी मुदत झाली की फोन गुपचूप ती वाढवून घेतो. म्हणूनच घरातच असणाऱ्या फोनचा पत्ता कित्येक दिवस तोच राहतो आणि आपल्याला वाटतं, तो कायमचा आहे. मग वीज जाते. काही साध्या राउटरांची वही वीज गेली की कोरी होते. परत आल्यावर जो पहिला हात वर करतो त्याला पहिली मोकळी जागा. त्या सकाळी आमच्याकडे हेच झालं.

आता पत्त्याच्या त्या आकड्यांविषयी थोडं. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता तुमच्याही घरी असेल, शेजाऱ्यांकडेही असेल. हे आकडे चार भागांचे, आणि या पद्धतीने जगात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. ते पुरणार नाहीत हे आधीच दिसत होतं, आणि फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटूनही झाले. त्याआधी, मार्च १९९४मध्ये, तीन पट्टे फक्त आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ हा त्यातला एक. सात नंबरचं पार्किंग आमच्याही सोसायटीत आहे आणि समोरच्याही, त्यात गोंधळ होत नाही, कारण तो नंबर गेटच्या आतच चालतो. तसंच हे. घरच्या राउटरवर साधारणपणे पहिले तीन भाग सगळ्यांचे सारखे असतात आणि शेवटचा आकडा १ ते २५४ मधला. त्यातला एक राउटर स्वतःकडे ठेवतो, बहुधा १.

तर फोनला कायमचा पत्ता द्यायचा म्हणजे हा शेवटचा आकडा पक्का करायचा. त्याचे दोन मार्ग आहेत आणि माझं मत स्पष्ट आहे: फोनमध्ये काही बदलू नका, राउटरमध्ये बदला.

हे मी चूक करून शिकले. आजीच्या कॅमेऱ्यासाठी मी आधी सोपा वाटणारा मार्ग धरला. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आयपी सेटिंग्ज असतात, तिथे डीएचसीपीऐवजी स्टॅटिक निवडलं आणि हाताने ५० नंबर टाकला. गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता), प्रीफिक्सची लांबी २४, डीएनएस, सगळं भरलं. त्याच उत्साहात टॅबला ५१ दिला आणि आईच्या फोनला ५२. तीन महिने काही तक्रार नाही. मग आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली. दुपारी माणूस येऊन नवा डबा बसवून गेला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवा असं मी फोनवर सांगितलं होतं, म्हणजे घरात कुणाला पुन्हा काही टाकायला नको. संध्याकाळी घरी आले तर बाबांचं नेट सुरू, भावाचं सुरू, आणि नेमकी ज्या तीन यंत्रांवर मी मेहनत घेतली होती ती तिन्ही बंद. "कनेक्टेड, इंटरनेट नाही." आई दुपारपासून त्रासली होती. मामीशी व्हिडिओ कॉल झाला नाही, आणि आजीकडे दर दहा मिनिटांनी उठून बघावं लागलं.

कंपनीची यात काही चूक नव्हती. जुन्या राउटरचे पत्ते १९२.१६८.१ने सुरू व्हायचे, नव्याचे १९२.१६८.०ने. ज्या फोनांनी पत्ता मागून घेतला त्यांना नव्या पट्ट्यातला मिळाला. माझे तीन फोन मागतच नव्हते. नाव तेच, पासवर्ड तोच, म्हणून ते जोडले गेले आणि जुन्या इमारतीचा नंबर धरून बसले.

दुसरा धोका असा की राउटरला न सांगता आपणच जागा अडवली तर त्याच्या वहीत ती मोकळीच असते. काही राउटर जागा देण्याआधी तिथे कोणी आहे का ते बघतात, सगळे बघत नाहीत. बघितलं आणि तुमचा फोन त्या वेळी बाहेर असला, तरी जागा रिकामीच दिसणार. तो ५० नंबर मग दुसऱ्या यंत्राला दिला जातो, आणि संध्याकाळी एका जागेवर दोन गाड्या. दोन्हींचं नेट अधूनमधून तुटत राहतं आणि कारण सापडता सापडत नाही.

राउटरमध्ये केलं तर फोन नेहमीसारखाच पत्ता मागतो. राउटर वही उघडून बघतो, "ही गाडी? हिला ५० नंबर नेमून दिलाय," आणि दर वेळी तोच देतो. उद्या राउटर बदलला तर नेमून दिलेला नंबर जाईल, पण फोनचं नेट बंद पडणार नाही. वृद्ध माणसांच्या घरात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. याला राउटरच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन, स्टॅटिक लीज, आयपी-मॅक बाइंडिंग अशी नावं असतात. नावं तीन, काम एकच.

पण राउटर गाडी ओळखतो कशावरून? वॉचमन नंबरप्लेट बघतो, राउटर मॅक ॲड्रेस बघतो. अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या, मिळून बारा चिन्हं. पूर्वी हा पत्ता कारखान्यातच ठरायचा, पहिल्या तीन जोड्यांवरून कुठल्या कंपनीचा भाग आहे ते कळायचं, आणि यंत्र असेपर्यंत तो तोच राहायचा. जुनी कृती याच भरवशावर उभी आहे.

हा भरवसा आता राहिलेला नाही, आणि त्यामागचं कारण चांगलं आहे. वाय-फाय चालू ठेवून आपण मॉलमध्ये फिरलो की फोन आजूबाजूच्या वाय-फायशी बोलत असतो, आणि त्यात स्वतःची ही नंबरप्लेट दाखवत असतो. दुकानात लावलेलं यंत्र ती टिपून ठेवू शकतं: हा फोन मंगळवारीही आला होता, याच रॅकपाशी दहा मिनिटं उभा होता. फुकटच्या वाय-फायचंही तेच. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६मध्ये ते सुरू झालं, आणि नंतर तर स्टेशनास्टेशनावर आलं. एकच नंबरप्लेट घेऊन रोज इतक्या ठिकाणी जोडलं गेलं तर माणसाचा अख्खा दिनक्रम कुणालाही जुळवता येईल. म्हणून अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, आणि आयफोनवर आयओएस १४पासून, म्हणजे २०२०पासून, फोन प्रत्येक वाय-फायला वेगळी बनावट नंबरप्लेट दाखवतो. हे आपोआप चालू असतं, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

बनावट प्लेट ओळखायची खूण सोपी आहे. बारा चिन्हांतलं दुसरं चिन्ह बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर मॅक फोनने स्वतः बनवलेला आहे. आमच्या राउटरच्या यादीत मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरातल्या पाचपैकी चार फोनांचे मॅक असेच निघाले.

आता घरच्या वाय-फायपुरतं काय करायचं? अँड्रॉइडवर सेटिंग्ज, वाय-फाय, आपल्या वाय-फायच्या नावापुढचं चाक, आणि तिथे प्रायव्हसी किंवा मॅक ॲड्रेस टाइप असं काहीतरी असतं. शब्द कंपनीगणिक बदलतात. तिथे रँडम मॅकऐवजी डिव्हाइस मॅक किंवा फोन मॅक निवडायचं. आयफोनवर वाय-फायच्या नावापुढचं आय दाबलं की प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस दिसतं. आयओएस १८पासून तिथे तीन पर्याय आहेत, ऑफ, फिक्स्ड आणि रोटेटिंग. रोटेटिंग म्हणजे अधूनमधून बदलणारा, तो घरी नको. फिक्स्ड चालेल, कारण बनावट असला तरी तो या वाय-फायवर तोच राहतो.

अँड्रॉइडचा रँडम मॅकही एका नावाच्या वाय-फायवर सहसा तोच राहतो. म्हणून काहीजण म्हणतात, बंद कशाला करायचा? माझा अनुभव असा की घरात पडून असलेल्या जुन्या फोनवर तो बंदच करावा. तो फोन मॉलमध्ये जाणार नाही, आणि फॅक्टरी रिसेट करावा लागला तर बनावट मॅक बदलतो, कारखान्यातला बदलत नाही. रोज खिशात बाहेर जाणाऱ्या फोनवर मात्र फक्त घरच्या नावापुरता बदल करा. बाकी सगळीकडे तो पडदा राहू द्या.

अनेकांना अडवणारी जागा म्हणजे राउटरची दोन नावं. बऱ्याच घरांत एक साधं नाव असतं आणि दुसरं त्यापुढे ५जी लावलेलं. फोन या दोन्हींना वेगवेगळी बनावट प्लेट दाखवतो. एका नावावर नंबर नेमून दिला, आणि फोन हॉलमधून आतल्या खोलीत जाऊन दुसऱ्या नावाला चिकटला, की नंबर गेला. खरा मॅक वापरला की हा त्रास राहत नाही.

मॅकचं ठरलं की राउटरचं काम दहा मिनिटांचं. क्रम मात्र असाच ठेवा, आधी मॅक आणि मग राउटर. उलटं केलं तर वहीत जुनी प्लेट लिहिली जाते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. फोनच्या वाय-फाय तपशिलात गेटवे किंवा राउटर म्हणून जो पत्ता दिसतो तो ब्राउझरमध्ये टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड बरेचदा डब्याच्या खाली स्टिकरवर असतात. आत गेल्यावर लॅन किंवा नेटवर्क या भागात डीएचसीपी शोधा. जोडलेल्या यंत्रांची यादी दिसेल, त्यात आपला फोन ओळखा. नावावरून ओळखू आला नाही तर फोनचं वाय-फाय बंद करून कुठली ओळ जाते ते बघा. मग रिझर्व्हेशनमध्ये त्याचा मॅक आणि हवा तो नंबर लिहून सेव्ह करा. फोनचं वाय-फाय एकदा बंद करून चालू केलं की नवा नंबर येतो. नाही आला तर राउटर एकदा बंद-चालू करा.

नंबर कुठला निवडायचा? एकमेकांना लागून असलेले निवडा, लक्षात राहतात. नंबर वाटपाच्या पट्ट्यातला असावा की बाहेरचा, हे राउटरगणिक वेगळं आहे. काही राउटर पट्ट्यातलाच घेतात, आणि चूक असेल तर ते तिथल्या तिथे सांगतात.

आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून अनेकांनी दुसरा राउटर लावलेला असतो. आमच्याकडेही आहे. तो राउटर म्हणूनच चालू असेल तर घरात दोन वॉचमन आणि दोन वह्या होतात. एकाच्या फाटकातली गाडी दुसऱ्याला दिसत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या टॅबला आजीचा फोन सापडेलच असं नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा, म्हणजे पत्ते वाटायचं काम पहिलाच करेल. तसंच पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर घरातली यंत्रं सहसा एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याचा फोन तिथे जोडू नका.

कधी कधी कंपनीने दिलेल्या डब्याचा पासवर्डच आपल्याला मिळत नाही, किंवा त्यात रिझर्व्हेशनची सोयच नसते. तेव्हा फोनमधला स्टॅटिकचा मार्ग उरतो. तो नाइलाज म्हणून करायचा, आणि राउटर वाटत असलेल्या पट्ट्याबाहेरचा नंबर घ्यायचा. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर ५० सुरक्षित. आणि ज्या फोनवर हे केलंय त्याच्या पाठीवर चिठ्ठी लावायची, "राउटर बदलला तर आयपी सेटिंग पुन्हा डीएचसीपीवर आणा." आईच्या फोनवर ही चिठ्ठी असती तर तिची ती दुपार वाचली असती.

हे सगळं झाल्यावर लोक विचारतात, मग आता ऑफिसातून हा पत्ता टाकला की आजी दिसेल का? नाही. ५० नंबर गेटच्या आतला. बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा बाहेरचा पत्ता दिसतो, आणि तो कंपनी देते. कंपन्या "स्टॅटिक आयपी" म्हणून पैसे घेऊन विकतात तो हा बाहेरचा, घरातल्या नंबराशी त्याचा संबंध नाही. शिवाय अनेक कंपन्या कित्येक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, जसं मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये दहा इमारतींना रस्त्यावर मिळून एकच गेट असतं. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमचं घर अशा कॉम्प्लेक्समध्ये आहे. एप्रिल २०१२मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखला गेला.

आणि बाहेरचा पत्ता तुमचा एकट्याचा असला तरी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून आजारी माणसाच्या खोलीतला कॅमेरा रस्त्यावर आणू नका. असे उघडे कॅमेरे शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. बाहेरून बघणं गरजेचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा झाकलेला खाजगी रस्ता, लावून घरात शिरा. ॲपलाही पासवर्ड लावा, घराच्या आतसुद्धा, आणि राउटरचा स्टिकरवरचा पासवर्ड बदला.

आमच्या राउटरच्या बाजूला, भिंतीवर, आता वहीचं एक पान चिकटवलेलं आहे. अक्षर आईचं. ५० आजीची खोली. ५१ ओट्याजवळचा टॅब. ५२ माझा फोन. ५३ प्रिंटर. परवा पुन्हा वीज गेली. परत आल्यावर आईने पान बघितलं, टॅबवर ५० टाकलं, आणि आजी भिंतीकडे तोंड करून झोपलेली दिसली.